मखमलचं चौथं वेत

नव्या जातीचं नाव ठरत नव्हतं. रविवारची निम्मी दुपार त्यातच गेली होती आणि टेबलावरच्या कपांच्या तळाशी चहा सुकून गेला होता.

"मऊडल," गुंड्या चौथ्यांदा म्हणाला. "मऊ अधिक पूडल. लोकांच्या पटकन तोंडात बसतं."

"तोंडात बसतं की दातात अडकतं?" आत्या म्हणाली. "कुत्र्याचं नाव आहे की गादीचं?"

ताईनं औषधांची बॅग खुर्चीवर टेकवली आणि कुणी काही विचारायच्या आत हात धुवायला गेली. मखमलला तपासायचं, पंधरा मिनिटांत निघायचं, असं ती घरून ठरवून आली होती. पण या घरात पंधरा मिनिटांचं काम कधी तीन तासांच्या आत आटोपलं नव्हतं. ती प्राण्यांची डॉक्टर झाली त्याला वीस वर्षं उलटली होती. माहेरी मात्र तिचा उपयोग दोनच गोष्टींना होई. एक, फुकट तपासणी. दोन, भांडणात साक्षीदार.

"ताई, तू सांग," नळाचा आवाज थांबायच्या आत गुंड्याची हाक आलीच. "मऊडल कसं वाटतं?"

"मला बारसं नाही करायचं. ती कुठे आहे?"

"मागच्या खोलीत. ही आहे तिच्यापाशी."

ही म्हणजे गुंड्याची बायको. आत्यानं तेवढ्यात ताईचा हात धरला. "तू तरी याला समजाव गं. तुझ्या बाबांनी तीस वर्षं एक जात जपली. लांब कानांचे, रेशमी केसांचे, एकेक स्पॅनियल म्हणजे चित्र. आणि हा त्यात वाट्टेल ते कालवतोय."

आत्या प्रदर्शनांमध्ये परीक्षक होती. तिच्या लेखी संकर म्हणजे भावाच्या फोटोवर शाई ओतणं. बाबा गेल्यावर चार महिन्यांत गुंड्यानं पहिला कुरळ्या केसांचा पूडल घरात आणला, तेव्हापासून ती दर रविवारी येत होती ती फक्त रागवायला. गुंड्याही हटणारा नव्हता. केस न गळणारी, आयुष्यभर पिल्लासारखी दिसणारी कुत्री लोकांना हवी होती, आणि लोकांना हवं ते देणं यात पाप काय, हे त्याला खरोखरच कळत नव्हतं. शुद्ध म्हणजे उत्तम, असं आत्या म्हणे. मिश्र म्हणजे निरोगी, असं गुंड्या म्हणे. तपासणी हा शब्द दोघांच्याही तोंडी कधी येत नसे. ताईला दोघांचाही सारखाच वैताग होता.

आई खिडकीपाशी बसून जुनी चादर फाडत होती. पिल्लं पुसायला तुकडे लागतात. टर्र, टर्र असा आवाज तेवढा येत होता. ती कुणाच्याच बाजूनं बोलत नव्हती, म्हणजे मुलाच्या बाजूनं होती.

मागच्या खोलीत फिनेलचा वास होता. लाकडी खोक्यात मखमल कुशीवर पडून धापा टाकत होती. बदामी रंग, कुरळे केस, बाहुलीसारखा चेहरा. गुंड्याच्या सगळ्या जाहिरातींवर हाच चेहरा होता. पाच वर्षांची झाली होती आणि हे तिचं चौथं वेत होतं.

"सकाळी सातपासून अशीच आहे," भावजय म्हणाली. ती जमिनीवर मांडी घालून बसली होती, केस सुटलेले, डोळे ओढलेले. "कळा येतात आणि विरून जातात."

ताईनं पोटावरून हात फिरवला. पिल्लं होती, चार किंवा पाच. स्टेथोस्कोप गळ्यातून काढत होती, तोच दाराची घंटा वाजली आणि पाठोपाठ गुंड्याची घाईची हाक आली, "ताई, जरा बाहेर ये!"

"हिरवट पाणी दिसलं आणि पिल्लू आलं नाही, तर तेव्हाच ओरड," ती भावजयीला म्हणाली. "जरा वाट बघू, असं करायचं नाही."

बाहेर व्हरांड्यात एक वयस्क गृहस्थ उभे होते. इस्त्रीचा सदरा, खिशाला अडकवलेलं छोटं भिंग, आणि हातात टोपली. टोपलीत बदामी कुत्रा, अगदी मखमलच्याच चेहऱ्याचा.

"मी घड्याळं दुरुस्त करतो," त्यांनी ओळख सांगितली. "अडीच वर्षांपूर्वी याला तुमच्याकडून नेला. शेपूट थांबायचीच नाही, म्हणून नाव लंबक ठेवलं. परवा जिना चढताना मध्येच पडला. काल पुन्हा."

"काळजी करू नका काका," गुंड्या हसत म्हणाला. गिऱ्हाइकाशी बोलताना त्याचा आवाज साय घातल्यासारखा होई. "आपण तुम्हाला दुसरं पिल्लू देऊ. आजच होतायत. अगदी याच्यासारखंच."

घड्याळजींनी त्याच्याकडे असं पाहिलं, की गुंड्याचं हसू जागच्या जागी वाळलं.

"हा बल्ब आहे का? गेला, दुसरा लावा?" ते म्हणाले. "रात्री माझ्या उशाशी झोपतो. चाळीस वर्षं मी टिकटिक ऐकतोय. याच्या ठोक्यामागून एक फुस्स येतं. कुठेतरी झडप नीट मिटत नाही. मला नवा नको. मला एकच विचारायचंय." त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. पिल्लाच्या तब्येतीचा दाखला. खाली ताईची सही होती. "या डॉक्टरबाई आपणच ना? तुम्हाला हे ठाऊक होतं का?"

ताई खाली बसली आणि लंबकच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. ऐकायला फार वेळ लागला नाही. फुस्स होतं, चांगलं मोठं होतं. लंबकनं तिचं मनगट चाटलं.

"आठ आठवड्यांच्या पिल्लात हे ऐकू येत नाही," ती म्हणाली. "हा आजार नंतर वर येतो."

"ऐकू येतं का, असं मी नाही विचारलं. ठाऊक होतं का, असं विचारलं."

गुंड्यानं मागून खाकरून इशारा केला. ताईला त्या खाकरण्याचा असा काही संताप आला, की उत्तर आपोआप बाहेर पडलं.

"ठाऊक नव्हतं. पण ठाऊक करून घेता आलं असतं. याच्या आईबापांची तपासणी मी मागितली होती. पुढच्या वेळी करू, म्हणाले. मी दाखल्यावर सही करून दिली."

"ताई!"

"किती वेळा मागितली होती रे? आणि किती वेळा मी सही केली?"

घड्याळजींनी कागदाची पुन्हा तीच घडी घातली. "खरं बोललात. खरं ऐकून बरं वाटतं असं काही नाही."

उद्या सकाळी दवाखान्यात आणा, सोनोग्राफी करू, गोळ्या सुरू करू, औषधावर काही कुत्री बरीच वर्षं काढतात, हे सगळं ताईनं सांगितलं. तोवर जिना नको, उचलून न्या. ते निघाले. फाटकापाशी थांबून म्हणाले, "याच्याबरोबर आणखी चार पिल्लं होती. मी पाहिली होती. त्यांच्याही घरी जिने असतील."

ते गेले आणि घरात भडका उडाला.

"गिऱ्हाइकासमोर असं बोलतात?" गुंड्या पाय आपटत आत आला. "तो माणूस उद्या चार लोकांना सांगेल!"

"सांगू दे. चौघांना तरी कळेल."

"मी पहिल्या दिवसापासून ओरडतेय," आत्याचा चेहरा उजळलाच होता. "पूडलचं रक्त! भोगा आता."

"आत्या, पूडलचा काही संबंध नाही. पोथीसारखं तेच तेच नको."

"मग संकराचाही नाही ना?" गुंड्यानं लगेच पकडलं. "तूच म्हणाली होतीस, दोन वेगळ्या जाती एकत्र आल्या की रोग कमी होतात."

"दोन्ही बाजू वेगळ्या असतील तर! आणि दोन्ही बाजू तपासल्या असतील तर!" ताईचा आवाज चढला. "तू पहिल्या पिढीवर थांबलास का? चेहरा बाहुलीसारखा हवा म्हणून परत बाबांच्या स्पॅनियलकडे गेलास. कुरळे केस टिकायला हवेत म्हणून सावत्र भावंडं एकमेकांना लावलीस. नावाला संकर! वही आण. वंशावळीची वही कुठे आहे?"

वही आईच्या कपाटात होती. आईनं चादर बाजूला ठेवली, किल्ली काढली आणि न बोलता वही टेबलावर आणून ठेवली. ताई उभ्यानंच पानं उलटू लागली. लंबकचा बाप, त्याचा आजा. लंबकची आई म्हणजे मखमल, तिचा पणजा. या वेळी मखमलला लावलेला नर. बोट सरकत सरकत प्रत्येक वेळी एकाच नावावर जाऊन थांबत होतं.

"सम्राट," ती म्हणाली. "इकडूनही सम्राट, तिकडूनही सम्राट. लंबकच्या मागे चार वेळा. या होणाऱ्या पिल्लांच्या मागे सहा वेळा."

"मग चांगलंच आहे की," आत्या ताठ झाली. कपाटात सम्राटचे सगळे चषक होते, त्यातला सगळ्यात मोठा तिनं स्वतःच्या हातानं त्याला दिला होता. "सम्राटसारखा कुत्रा पुन्हा झाला नाही. त्याला साप चावला नसता तर पंधरा वर्षं जगला असता."

"साप नाही चावला," आई म्हणाली.

ती पुन्हा खिडकीपाशी जाऊन बसली होती. चादरीचा तुकडा हातात होता, पण फाडत नव्हती.

"काय म्हणालात वहिनी?"

"सम्राट माझ्या मांडीवर गेला, वन्सं. सहा वर्षांचा होता. तीन महिने धाप लागायची, पायऱ्या चढेना. शेवटी जीभ निळी पडली. तोवर त्याची पिल्लं घरोघर पोचली होती, आणखी लोक नाव नोंदवून बसले होते. हे म्हणाले, साप चावला असं लिही. मी लिहिलं. वहीत अक्षर माझं आहे."

आत्यानं आधी गुंड्याकडे पाहिलं, मग ताईकडे, जणू कुणीतरी हे खोटं आहे असं म्हणायला हवं होतं.

ताईला बाबांची आठवण झाली ती नको त्या वेळी. सात वर्षांची असताना त्यांनीच तिचा कान कुत्र्याच्या छातीला लावला होता. ऐक, म्हणाले होते, इंजिन चाललंय. त्या एका ठोक्यासाठी ती डॉक्टर झाली होती. आणि या माणसानं, ज्याला ऐकता येत होतं, त्यानं ऐकून वहीत साप लिहायला लावला. मेलेल्या माणसावर ओरडता येत नाही, म्हणून ती आईवर ओरडली.

"आणि मी इतकी वर्षं दाखले देत होते, तेव्हा तू काय करत होतीस?"

"चहा करत होते," आई म्हणाली. "तुम्ही सगळे शहाणे होतात. मला वाटलं, संकर केला की ते रक्त जाईल. गुंड्या तसंच म्हणत होता."

"म्हणजे आता माझ्यावर!" गुंड्यानं कपाळावर हात मारला. "बाबांनी लपवलं, तू लपवलंस, ताईनं सह्या केल्या, आणि गुन्हेगार मी?"

"तू गुन्हेगार नाहीस," ताई म्हणाली. "तू फक्त..."

"ताई!" मागच्या खोलीतून भावजयीची किंकाळी आली. "हिरवं आलंय!"

पुढची दहा मिनिटं कुणी कुणाशी भांडलं नाही. गुंड्यानं गाडी काढली. मखमलला चादरीत गुंडाळून भावजयीनं मांडीवर घेतलं, आई पुसण्यांचं गाठोडं घेऊन पुढच्या सीटवर बसली. आत्या आली नाही. दवाखाना रविवारी बंद असे. ताईनं स्वतः शटर वर ढकललं, दिवे लावले, मखमलला टेबलावर ठेवलं आणि भूल द्यायच्या आधी छाती ऐकली.

फुस्स. मुलासारखंच, लंबकसारखंच.

तिनं मान वर केली. "सिझेरियन करावं लागेल, आणि आत्ताच. हिचं हृदयही गळतंय, म्हणजे भुलीचा धोका आहे. वाचली तर पुन्हा गाभण राहता कामा नये. मी पिशवी काढून टाकणार आहे."

"पिशवी नाही," गुंड्या म्हणाला. "पिल्लं काढ, शिव, बास. माझं सगळं हिच्यावर उभं आहे, ताई. हा चेहरा दुसऱ्या कुठल्या कुत्रीच्या पिल्लांत उतरत नाही. अजून एक वेत, फक्त एक. मग आराम देतो तिला. शपथ."

"गेल्या वेळी पण शपथ घेतली होतीस."

"मी मालक आहे! माझ्या संमतीशिवाय तू काढू शकत नाहीस."

हे खरं होतं. ताईनं वैतागून संमतीचा कागद पुढे सरकवला. टेबलावर जीव चालला होता आणि इथे सहीवरून ओढाताण चालली होती.

"ताई, गेल्या वेतातली दोन तुम्हाला सांगितलं तशी थंडीनं नाही गेली," भावजय एकदम म्हणाली. तिचं लक्ष मखमलच्या कानाकडे होतं, नवऱ्याकडे तिनं पाहिलंच नाही. "धापा टाकून गेली. निळी पडून. टाकीमागे मी पुरली. हे म्हणाले, ताईंना सांगू नकोस, त्या उगाच घाबरतात."

"तू गप्प बस!"

"सकाळी सातपासून गप्पच आहे मी. रात्रभर पिल्लांना ड्रॉपरनं दूध पाजते ती मी. तुम्ही नावं ठेवता."

आईनं गाठोडं बाकावर ठेवलं. "ताई, पैदाशीच्या परवान्यावर नाव कुणाचं आहे?"

ताईला क्षणभर समजलंच नाही. मग आठवलं. बाबा गेल्यावर परवाना आईच्या नावावर झाला होता. गुंड्यानं तो बदलून घ्यायचा दहा वर्षं कंटाळा केला होता.

"तुझं."

"पेन दे."

"आई," गुंड्याचा आवाज एकदम लहान झाला. "तू माझ्या बाजूनं होतीस ना?"

"तुझ्या बाजूनं राहून राहून तर इथवर आलो," आई म्हणाली. तिनं सही केली, सावकाश, वेलांटी नीट काढून, आणि कागद ताईकडे दिला. "काढून टाक. एकदा साप लिहून पाहिला. पुरे झालं."

गुंड्या बाहेर पायरीवर जाऊन बसला.

पिल्लं चार निघाली. भावजय पकडायची, आई पुसायची, तोंडातला चिकटा काढून पाठ घासायची. पहिलं लगेच कुईं करून उठलं. दुसरंही. तिसरं आईच्या हातात लोंबकळत राहिलं. तिनं घासलं, फुंकलं, पुन्हा घासलं, वीस मिनिटं सोडलं नाही. मग एका तुकड्यात गुंडाळून बाजूला ठेवलं. चौथं बाकीच्यांपेक्षा बारीक होतं आणि रडण्यात सगळ्यांत पुढे. मखमलची भूल उतरेपर्यंत ताई तिच्या छातीवरचा हात काढायला तयार नव्हती. एकदा ठोका मंदावला, तेव्हा तिनं आईच्या नकळत डोळे मिटून घेतले. पुन्हा चालू झाला. शेवटी मखमलनं जीभ बाहेर काढली, आणि पिल्लं लावल्यावर, उठताही येत नव्हतं तरी, त्यांना चाटायला लागली.

संध्याकाळी सगळे घरी परतले तेव्हा आत्या निघून गेली होती. वही टेबलावर उघडीच होती. कपाटातला सगळ्यात मोठा चषक तिनं बरोबर नेला होता. फोडायला की जपायला, देव जाणे.

ताई त्याच टेबलाशी बसली. एक कोरा कागद घेतला.

"लंबकची चार भावंडं," ती म्हणाली. "मग मखमलची बाकीची दोन वेतं. मग सम्राटपर्यंत मागे. ज्यांची कुत्री अजून आहेत, त्या सगळ्यांना कळवायचं. तपासणी दवाखान्यात करून देईन. आणि ही तीन पिल्लं मोठी होऊन त्यांचं हृदय बघितल्याशिवाय कुठेही जाणार नाहीत. मऊडल नाही आणि गादी नाही."

"पत्ते कुठून आणणार?" भावजयीनं विचारलं.

"लिही," आई म्हणाली. तिनं डोळे मिटले आणि सांगायला सुरुवात केली. वहीत नव्हतं तेही तिला पाठ होतं. पांढरा पंजा असलेली कुत्री, ती शिंपीणबाईंकडे. जुळ्या मुलींच्या घरी गेलेला काळा. एक पोस्टमास्तरांकडे, पण ते वारले, आता सुनेकडे असेल. प्रत्येक पिल्लू तिनं आपल्या हातानं पुसलं होतं. ताईचा कागद भरला, दुसरा घ्यावा लागला.

पहिला फोन ताईनंच लावला. पलीकडची बाई खूश झाली. अहो डॉक्टर, आमची ना अगदी मजेत आहे, खोडकर झालीय! ताईनं घसा साफ केला आणि झडप, गळती, परीक्षण असं काहीतरी बोलू लागली. बाई रडायलाच लागली. ताईनं फोन ठेवला तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता.

दारात गुंड्या उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. तो आला, खुर्ची ओढून बसला आणि यादीचा दुसरा कागद स्वतःकडे घेतला.

"असं सांगतात का?" तो चिडून म्हणाला. "माणसं घाबरून मरतील. परीक्षण म्हणे. तू डॉक्टरकी कर. यांना कुत्री मी विकलीयत."

त्यानं चष्मा वर सरकवला, पहिल्या नावाखाली बोट ठेवलं आणि नंबर फिरवला. वाट बघताना त्याचा गुडघा टेबलाखाली सारखा हलत होता.

"हॅलो? मी बोलतोय, तुमचा कुत्रेवाला," तो म्हणाला. साय घातलेला आवाज लावायचा त्यानं प्रयत्न केला, तो लागला नाही. "नाही, नाही, नवीन पिल्लं नाहीत. विकायला काही नाही. तुम्हाला पाच मिनिटं वेळ आहे का? एक चूक सांगायचीय."